लिस्बन ते ग्रानादा, गाडीने आणि सवडीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्तुगालच्या राजधानीतून निघून आलेंतेजूचे पठार, आल्गार्व्हचा किनारा आणि स्पेनचा आंदालुसिया प्रांत असा तीन आठवड्यांचा प्रवास आम्ही केला. त्यानंतर नातेवाइकांनी, मित्रांनी आणि त्यांच्याही ओळखीच्यांनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. या उत्तरांमागे एकच आग्रह आहे: गाडी ही दोन गावांच्या मधल्या प्रदेशासाठी असते, गावांसाठी नव्हे, आणि हा मधला प्रदेश पाहायचा असेल तर गावांची संख्या कमी ठेवावी लागते.

मार्ग नेमका कसा आहे? त्याला तीन आठवडे खरोखरच लागतात का?

आमची विभागणी २१ रात्रींची होती. लिस्बनला चार, एव्होऱ्याला दोन, ताव्हिरा या किनाऱ्यावरील गावी तीन, सेव्हिलला चार, काडिझला तीन, रोंड्याला दोन आणि शेवटी ग्रानादाला तीन. परतीचे विमान मालागाहून होते. आडवाटा धरूनही प्रत्यक्ष गाडी चालवणे सुमारे हजार किलोमीटरच होते. मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि आपल्याकडे अनेक जण तो एका दिवसात पार करतात. त्या हिशेबाने हा प्रवास आठवड्यात आटोपेल असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि यात्रा कंपन्यांच्या सहली तो तसा आटोपतातही. मात्र या प्रदेशातील मजा अंतर कापण्यात नाही. दुपारी दोन ते पाच दुकाने बंद असतात, रस्ते ओस पडतात, आणि संध्याकाळी सात-आठनंतर आजी-आजोबांपासून तान्ह्या मुलांपर्यंत सगळे गाव चौकात येऊन बसते. रोज मुक्काम बदलणाऱ्याच्या वाट्याला फक्त ती बंद दुपार येते.

हाताशी तीन आठवड्यांपेक्षा कमी दिवस असतील तर प्रत्येक ठिकाणची एकेक रात्र कापू नये, एक संपूर्ण टप्पा गाळावा. एव्होरा आणि ताव्हिरा सोडून लिस्बनहून थेट सेव्हिलला विमानाने जाता येते, किंवा उलट, ग्रानादा पुढच्या खेपेसाठी राखून ठेवता येते. आम्हाला विचाराल तर आम्ही दुसरा पर्याय निवडू, कारण एव्होऱ्यासाठी मुद्दाम पुन्हा कोणी जात नाही, ग्रानादाच्या आल्हांब्रा या किल्ल्या-राजवाड्यासाठी मात्र नक्की जातो.

मोठ्या शहरांत गाडी का नको?

लिस्बनचा जुना भाग टेकड्यांवर वसलेला आहे आणि आल्फामासारख्या वस्तीतील काही गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की ट्राम आली की पादचाऱ्याला दारात अंग चोरून उभे राहावे लागते. सेव्हिल आणि ग्रानादा येथील मध्यवर्ती भागांत तर परवानगी नसलेल्या गाडीचा क्रमांक कॅमेरा टिपतो आणि दंडाची नोटीस गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे जाते. कंपनी दंडाची कारवाई आपल्या नावावर वळवते आणि त्या कामाचे वेगळे शुल्कही आपल्याच कार्डातून घेते. मुक्काम अशा बंदिस्त भागात असेल तर हॉटेलला गाडीचा क्रमांक आधी कळवावा लागतो, म्हणजे ते त्याची नोंद करून घेतात. ही गोष्ट हॉटेल आपण होऊन सांगेलच असे नाही, म्हणून बुकिंग करतानाच लेखी विचारावे.

यावर सोपा उपाय असा की लिस्बनचे चार दिवस पायी, ट्रामने आणि मेट्रोने काढावेत आणि शहर सोडायच्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्यावी. सेव्हिललाही तेच करावे. ज्या आठ दिवसांत गाडी उभीच राहणार आहे, त्या दिवसांचे भाडे आणि पार्किंगचे पैसे यांतून प्रवासातला एखादा चांगला मुक्काम सहज निघतो.

एकच गाडी पोर्तुगालमध्ये घेऊन स्पेनमध्ये सोडता येते का?

येते, पण एका देशात घेतलेली गाडी दुसऱ्या देशात परत करण्याचे शुल्क बहुधा इतके असते की भाड्याची रक्कम त्यापुढे लहान वाटावी. म्हणून आम्ही दोन गाड्या घेतल्या. पहिली लिस्बनला घेऊन आल्गार्व्हमधील फारू या शहरी परत केली, दुसरी सेव्हिलला घेऊन मालागा विमानतळावर सोडली. फारू ते सेव्हिल थेट रेल्वे नाही, परंतु बसेस आहेत आणि त्या साधारण अडीच-तीन तासांत पोहोचवतात.

हा बसचा तुकडा आम्हाला कमीपणाचा वाटेल अशी शंका होती. प्रत्यक्षात तो आवडीचा ठरला. ग्वादियाना नदीवरील पूल १९९१ मध्ये झाला. त्यावर चढताना डाव्या-उजव्या हातांना मिठागरे दिसतात, पूल संपतो तसा स्पेन सुरू होतो आणि हातातला मोबाइल एकदम एक तास पुढे जातो. पोर्तुगालचे घड्याळ स्पेनच्या एक तास मागे असते. उलट दिशेने जाणाऱ्याला तो तास परत मिळतो, पूर्वेकडे येणाऱ्याचा जातो, आणि त्या दिवशीच्या सेव्हिलमधील कोणत्याही वेळेच्या बुकिंगमध्ये हे लक्षात ठेवावेच लागते.

व्हिसा कोणत्या देशाकडे मागावा?

दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे व्हिसा एकच. अर्ज मात्र ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करावा लागतो, आणि दिवस सारखे असतील तर ज्या देशात प्रथम उतरणार त्याच्याकडे. वरच्या विभागणीत पोर्तुगालमध्ये नऊ रात्री आणि स्पेनमध्ये बारा येतात. म्हणजे विमान लिस्बनला उतरत असले तरी अर्ज स्पेनकडे जातो. येथे अनेकांची गल्लत होते. रात्रींचा हिशेब हॉटेलच्या बुकिंगशी तंतोतंत जुळला पाहिजे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. मे महिन्यासाठी जाणार असाल तर मुंबईतील भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतच तयारीला लागावे. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ४५. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा असावा लागतो. आम्ही गाडीच्या बुकिंगची प्रतही जोडली, कारण गावांच्या मध्ये प्रवास कसा करणार याचे उत्तर अर्जातून मिळाले पाहिजे.

भारतीय परवाना चालतो का?

मूळ परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ असावा. तो आपल्या आरटीओतून मिळतो, त्याची मुदत एक वर्षाची असते आणि अर्ज परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावरून सुरू करता येतो. पासपोर्ट, व्हिसा आणि तिकिटाच्या प्रती लागतात. त्यामुळे व्हिसा हातात आल्यावर लगेच हे काम करावे, निघण्याच्या आदल्या आठवड्यावर ठेवू नये. नुसता आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन मूळ परवाना घरी विसरणाऱ्याला खिडकीवर गाडी मिळत नाही.

तितकेच महत्त्वाचे म्हणजे क्रेडिट कार्ड. ते मुख्य चालकाच्याच नावावर असावे लागते आणि त्यावर अनामत रक्कम अडकवली जाते. परवाना मुलाच्या नावाचा आणि कार्ड वडिलांचे, अशा स्थितीत काउंटरवर ताटकळलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणे कितपत अवघड जाते?

पहिला अर्धा दिवस मन घट्ट धरावे लागते, पुढे हात बसतो. आम्हाला उपयोगी पडलेली खूण अशी की आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि रस्त्याची मधली रेघ त्याच्या बाजूला असते. तेथे चालक डावीकडे बसतो आणि मधली रेघ तरीही त्याच्याच बाजूला असते. म्हणजे नियम बदललेला नाही, आरसा फिरवला आहे. मधली रेघ आपल्या बाजूला दिसत असेल तर आपण बरोबर आहोत. चूक बहुधा वाहत्या रस्त्यावर होत नाही, ती रिकाम्या रस्त्यावर होते: पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, किंवा पहाटे निर्मनुष्य चौकात वळताना. शेजारी बसलेल्याने अशा प्रत्येक वेळी मोठ्याने "उजवीकडे" म्हणावे, हे काम आमच्याकडे मुलीने तीन आठवडे चोख केले. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तेथे डाव्या. त्यामुळे पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर वायपर सुरू होतात, त्याने घाबरू नये.

सर्कलमध्ये वाहने घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात आणि जो आत आहे त्याचा हक्क आधी असतो. म्हणून डावीकडे पाहायचे, थांबायचे आणि जागा मिळाली की शिरायचे. बाहेरचा फाटा चुकला तर आणखी एक फेरी मारावी, त्यात कमीपणा नाही. झेब्रा पट्ट्यांवर पाय ठेवू पाहणाऱ्या माणसासाठी गाडी थांबवावीच लागते, आणि तेथे माणसे ती थांबेल या खात्रीनेच उतरतात. आपल्या सवयीने हा सर्वांत धोक्याचा फरक आहे. हॉर्न जवळजवळ वाजवत नाहीत. महामार्गावर वेगमर्यादा दोन्ही देशांत ताशी १२० किलोमीटर आहे, साध्या रस्त्यांवर सहसा ९०, आणि वस्तीत ५०. स्पेनमध्ये मात्र प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या वस्तीतील रस्त्यांवर ती ३० आहे. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा सक्तीचा आहे आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना योग्य बालआसन लागते. गाडी कुठे अडली किंवा अपघात झाला तर ११२ हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो.

घाटांची भीती बाळगू नये. ज्याने आंबोली किंवा वरंध पावसात चालवला आहे, त्याला रोंड्याकडचे डोंगररस्ते रुंद आणि शांत वाटतील. अपवाद झाहारा ते ग्राझालेमा या चढणीचा: वळणे अंगावर येणारी आहेत, कठड्यांवर भिस्त ठेवता येत नाही आणि समोर गिधाडे डोळ्यांच्या पातळीवर तरंगत असतात. चालकाने ती खिंडीत थांबूनच पाहावीत.

टोल, पेट्रोल आणि पार्किंग यांचे काय?

पोर्तुगालमधील काही महामार्गांवर टोलनाकेच नाहीत, वरचे कॅमेरे क्रमांक वाचतात. त्यामुळे गाडी घेताना टोलचे यंत्र लावून घ्यावे. आल्गार्व्हमधील ए-२२ या महामार्गाचा टोल १ जानेवारी २०२५ पासून रद्द झाला आहे. स्पेनमध्ये सेव्हिल–काडिझ महामार्ग २०२० पासून मोफत आहे. मालागाच्या पश्चिमेकडील किनारी महामार्गावर अजून टोल पडतो, पण त्याला समांतर मोफत रस्ता आहे.

पंपावर मात्र एकदा चूक झाली तर ती महागात पडते. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत "गासोलिना" म्हणजे पेट्रोल, आणि तिच्याशेजारी लिहिलेले "गासोलिओ" किंवा "गासोलेओ" म्हणजे डिझेल. ऐकायला इतके जवळचे शब्द थकलेल्या माणसाला दगा देतात. युरोपभर यासाठी खुणा ठरवलेल्या आहेत: नळीवर वर्तुळाचा शिक्का असेल तर पेट्रोल, चौकोनाचा असेल तर डिझेल, आणि तोच आकार गाडीच्या टाकीच्या झाकणाच्या आत छापलेला असतो. बेजा गावाबाहेरच्या पंपावर आम्ही नळी हातात धरून ते दोन आकार तीन वेळा ताडून पाहिले आणि मगच भरले. पेट्रोल स्पेनमध्ये सहसा स्वस्त पडते.

पार्किंगची निळी रेघ म्हणजे पैसे भरून, ठरावीक वेळेपुरते. पांढरी म्हणजे मोफत. पिवळी म्हणजे उभे राहूच नये. हिरवी स्थानिक रहिवाशांना झुकते माप देते. काडिझसारख्या समुद्राने वेढलेल्या शहरात जागा शोधत फिरू नये, तळघरातील सार्वजनिक पार्किंगमध्ये गाडी ठेवावी आणि निघेपर्यंत तिला हात लावू नये.

कोणत्या महिन्यात जावे? मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत चालेल का?

मे उत्तम आहे. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आलेंतेजूची कुरणे रानफुलांनी भरलेली असतात आणि सेव्हिलला उजेड रात्री नऊनंतरही असतो. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. विदर्भातल्या माणसाला ते नवे नाही, परंतु विदर्भातला माणूस तशा दुपारी पर्यटन करत नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतचा काळही चांगला, शिवाय समुद्राचे पाणी तेव्हा मे महिन्यापेक्षा उबदार असते, कारण अटलांटिक हळूहळू तापतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी पाऊस आणि लवकर मावळणारा दिवस गृहीत धरावा.

ईस्टरच्या आधीचा आठवडा सेव्हिलमध्ये भव्य मिरवणुकांचा असतो. त्या मिरवणुका पाहायच्या असतील तर मुद्दाम त्यासाठीच जावे. नसतील तर ते दिवस टाळावेत, कारण रस्ते बंद असतात आणि खोल्यांचे दर कित्येक पटींनी वाढतात.

लिस्बनहून एव्होऱ्यामार्गे समुद्रापर्यंत वाटेत पाहण्यासारखे काय आहे?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि आमच्या मते याच टप्प्यासाठी गाडी घ्यावी. लिस्बनची खाडी ओलांडून पूर्वेला वळले की तासाभरात बुचाच्या झाडांचा प्रदेश सुरू होतो. आपल्याकडे बाटलीचे बूच सर्वांनी पाहिलेले असते, ते झाडाची साल असते हे फार कमी जणांनी पाहिलेले असते. ओकच्या जातीच्या या झाडाची साल दर नऊ वर्षांनी कुऱ्हाडीने, खोडाला इजा न होऊ देता, अखंड पत्र्यासारखी सोलतात. पहिल्यांदा सोलण्याआधी झाड सुमारे २५ वर्षे वाढू द्यावे लागते. ताजे सोललेले खोड गेरूने सारवल्यासारखे तांबूस दिसते आणि त्यावर पांढऱ्या रंगाने एकच आकडा लिहिलेला असतो. तो आकडा म्हणजे सोलणीच्या वर्षाचा शेवटचा अंक. एका झाडाखाली आम्ही गाडी थांबवली, तेथे "७" होता. म्हणजे ते २०१७ मध्ये सोलले आणि त्याची पुढची पाळी २०२६ मध्ये. शेजारच्या झाडावर "३" होता. लावणाऱ्याला पहिले चांगले बूच मिळत नाही, ते मुलाला किंवा नातवाला मिळते, आणि तरीही माणसे झाडे लावत राहिली आहेत, हे त्या आकड्यांकडे पाहताना फार जवळून जाणवते.

एव्होरा हे तटबंदीतील गाव आहे आणि १९८६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. गावाच्या माथ्यावर रोमन देवळाचे खांब उभे आहेत. साओ फ्रान्सिस्कू चर्चला लागून हाडांनी मढवलेले प्रार्थनागृह आहे, त्याच्या दारावर लिहिले आहे: "आम्ही इथली हाडे तुमच्या हाडांची वाट पाहतो." लहान मुलांना आत नेण्यापूर्वी विचार करावा. २०२७ मध्ये एव्होरा युरोपची सांस्कृतिक राजधानी असणार आहे, तेव्हा त्या वर्षी खोल्या लवकर ठरवाव्यात.

दक्षिणेला उतरताना महामार्ग सोडून मेर्तोला येथे जेवायला थांबावे. ग्वादियानाच्या काठावरील या गावात टेकडीवरचे चर्च पूर्वी मशीद होते, आणि आत वेदीच्या मागे मक्केच्या दिशेचा कोनाडा अजून तसाच आहे. कोनाडा तोडावा असे नंतर आलेल्यांना वाटले नाही, ही गोष्ट आमच्या मनात बराच वेळ राहिली.

किनारा कोठे आणि किती दिवस?

आल्गार्व्हचा पश्चिम भाग उंच पिवळ्या कड्यांचा आणि गर्दीचा आहे. पूर्व भाग सपाट, खाजणांचा आणि निवांत आहे. कोकणात वाढलेल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो. ताव्हिराजवळचा समुद्र गावापासून वाळूच्या लांबट बेटांनी वेगळा केलेला आहे आणि तेथे बहुधा होडीने जावे लागते. बारील या किनाऱ्यावर खाजणातून एक छोटी आगगाडी जाते, आणि वाळूच्या टेकाडांत शेकडो गंजके नांगर रांगेने रोवून ठेवलेले आहेत. येथे कुपा माशाची मोठी मासेमारी चालत असे. मासा येईनासा झाला, वस्ती उठली, जाळी धरून ठेवणारे नांगर मागे राहिले. हे कोणी स्मारक म्हणून घडवलेले नाही, तरी तिकडे जाणारी माणसे आवाज खाली आणतात.

काडिझहून एक दिवस बोलोनियाच्या किनाऱ्यासाठी काढावा. तेथे रोमन काळातील मासे खारवण्याची दगडी टाकी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि त्यापलीकडे एक प्रचंड वाळूची टेकडी. पूर्वेचा लेव्हांते वारा सुटला असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर बसणे शक्य होत नाही. तेव्हा व्हेहेर या पांढऱ्या गावाकडे वळावे.

आल्हांब्राचे तिकीट कधी काढावे?

विमानाच्या तिकिटानंतर लगेच. आल्हांब्रातील नासरी घराण्याच्या राजवाड्यांना ठरलेल्या वेळीच प्रवेश मिळतो, तिकीट नावावर असते आणि दारात पासपोर्ट पाहतात. म्हणून ग्रानादाच्या मुक्कामाच्या तारखा तिकिटावरून ठरवाव्यात, तिकीट तारखांवरून शोधू नये. प्रवेशद्वारापासून राजवाड्यांपर्यंत चालण्यास बराच वेळ लागतो. अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा. सेव्हिलचा आल्कासार राजवाडाही आधी ठरवावा, बाकी ठिकाणी ऐन वेळी चालते.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

होत नाहीत, परंतु विचारावे लागते. भाजी म्हणून मागवलेल्या पदार्थावर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे पेरलेले असणे तेथे सामान्य आहे, आणि वाढणाऱ्याच्या मते त्याने पदार्थ मांसाहारी होत नाही. साल्मोरेखो हे टोमॅटोचे थंड दाट सार फार रुचकर असते. ते "सिन हामोन, सिन वेव्हो", म्हणजे मांस आणि अंडे न घालता, असे सांगून मागवावे. सेव्हिलमधील पालक-छोले हा पदार्थ जिऱ्याच्या वासासह समोर येतो तेव्हा घरी आल्यासारखे वाटते. काकवीसारखा पाक घातलेली तळलेली वांगी, बदामाचे थंड सार, टोमॅटो चोळलेला पाव हेही सर्वत्र मिळते. पोर्तुगालमध्ये मागवण्याआधीच टेबलावर पाव, ऑलिव्ह आणि चीज ठेवतात. ते खाल्ले तर त्याचे पैसे लागतात, नको असल्यास नम्रपणे परत करावे.

मासे खाणाऱ्यांची तर चंगळ आहे. लिस्बनला जूनमध्ये दारोदारी निखाऱ्यांवर तारल्या भाजतात, केवळ मीठ लावून. काडिझला बारीक जवळा पिठात कालवून पातळ, कुरकुरीत तळतात, आणि त्या पिठात बेसन असते. पहिल्या घासाला आमच्या आईने "ही तर आपली जवळ्याची भजी" असे म्हटले आणि दुसरी बशी मागवली.

जेवणाच्या वेळांशी जुळवून घ्यावे लागते. स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोननंतर, रात्रीचे नऊनंतर. मुले आणि मधुमेही मंडळी यांच्यासाठी गाडीत फळे, दाणे, चिवडा ठेवावा. स्पेनमध्ये रविवारी मोठी दुकाने सहसा बंद असतात हेही ध्यानात घ्यावे.

वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर काय बदलावे?

मुक्कामाची जागा बदलावी, मार्ग बदलू नये. ताव्हिरा, सेव्हिल आणि काडिझ ही सपाट शहरे आहेत. लिस्बनला आल्फामाऐवजी सखल बाइशा भागात राहावे, आणि ग्रानादाला आल्बाइसिन टेकडीऐवजी खाली. लिस्बनचे पदपथ लहान गुळगुळीत दगडांचे असतात, पाऊस पडला की पाय घसरतो. रबरी तळव्याचे बूट हवेतच. सेव्हिलच्या हिराल्दा मनोऱ्यात पायऱ्यांऐवजी उतार आहेत, घोड्यावरून वर जाता यावे म्हणून केलेले, त्यामुळे ज्यांचे गुडघे दुखतात तेही थांबत थांबत वर जाऊ शकतात. आमचे सत्तरीचे वडील गेले.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. चार माणसे आणि चार मोठ्या बॅगा तेथील मध्यम गाडीत बसत नाहीत. बॅगा लहान घ्याव्यात. स्वतः कपडे धुण्याची नाणेयंत्रे असलेली दुकाने जवळजवळ प्रत्येक गावात आहेत.

लिस्बनमध्ये गोव्याच्या आणि आपल्या खुणा कोठे दिसतात?

बेलें येथील जेरोनिमूश मठात वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ मध्ये कोचीनला वारला, अस्थी नंतर तिकडे नेल्या. ज्या सत्तेने गोव्यावर १९६१ पर्यंत राज्य केले, तिच्या वैभवाचे हे मंदिर पाहताना मराठी माणसाच्या मनात निव्वळ कौतुक राहत नाही, आणि राहू नये असे आम्हाला वाटते. मसाल्यांच्या व्यापाराच्या पैशाने हे दगड घडले. मात्र बाहेर रस्त्यावर आलो की दुसरा धागा दिसतो. भाजीवाल्याच्या पाटीवर "बटाटा" आणि "अननस" लिहिलेले असते, पावाला "पाँव", चावीला "शाव", साबणाला "साबाँव" म्हणतात, आणि चहाच्या दुकानात काचेमागे समोसे ठेवलेले असतात, त्यांचे नाव तेथे "शामुसा" आहे. आईने दुकानदाराला बटाट्याकडे बोट दाखवून तो शब्द मराठीत उच्चारला आणि त्याने काही न विचारता किलोभर तोलून दिले.

वाटेत मोरोक्कोला जाऊन यावे का?

एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर मुळीच जाऊ नये. तारिफाहून आफ्रिकेचा किनारा केवळ १४ किलोमीटरवर आहे आणि टँजियरची बोट समोर उभी दिसते. पण शेंगेन क्षेत्राबाहेर पाऊल ठेवले की तो व्हिसा संपतो आणि परत येता येत नाही. भाड्याची गाडी बोटीवर चढवण्याची परवानगीही सहसा नसते.

गाडीतून चोरी होते असे ऐकले, ते खरे आहे का?

खरे आहे, आणि ती बहुधा काच फोडून होते. उपाय एकच: उभ्या गाडीत काहीही दिसू देऊ नये, रिकामी पिशवीसुद्धा नाही. मुक्काम बदलायच्या दिवशी सामान गाडीत असताना वाटेत प्रेक्षणीय स्थळी थांबायचे असेल तर रखवाली असलेल्या बंद पार्किंगमध्येच थांबावे. पासपोर्ट अंगावर ठेवावेत.

गाडी ताब्यात घेताना आणि परत करताना काय पाहावे?

काउंटरवरचा विमा हा सर्वांत गोंधळाचा भाग असतो. मूळ भाड्यात बहुधा विमा असतो, पण अपघात झाल्यास पहिली ठरावीक रक्कम आपल्याला द्यावी लागते. ती शून्यावर आणणारे संरक्षण आधीच घेतलेले असेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि सही करण्यापूर्वी प्रत्येक रकाना वाचावा. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर बुकिंगमध्येच मागावी, तेथे मॅन्युअलचेच प्रमाण मोठे आहे. परावर्तक जॅकेट गाडीत आहे का ते पाहावे. पोर्तुगालमध्ये धोक्याचा त्रिकोणही लागतो, स्पेनमध्ये १ जानेवारी २०२६ पासून त्याची जागा छतावर ठेवायच्या व्ही-१६ या दिव्याने घेतली आहे.

गाडीचा व्हिडिओ चारही बाजूंनी, छतासह आणि चाकांच्या कडांसह काढावा. पहिली गाडी परत करताना उजव्या मागच्या चाकाच्या कडेवर बोटभर ओरखडा दाखवून आमच्याकडे पैसे मागण्यात आले. लिस्बनच्या तळघरात काढलेल्या व्हिडिओत तो ओरखडा मोबाइलच्या उजेडात स्पष्ट दिसत होता. कर्मचाऱ्याने व्हिडिओ दोनदा पाहिला, कागदावरची नोंद खोडली आणि टाकी भरलेली आहे ना, एवढेच विचारले. टाकी भरलेली होती. पंपाची पावती मुलीने आठवणीने जपून ठेवली होती.